पाच लाखांचा विमा आणि परतीचे भाडे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘विमा’ हा शब्द काढला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दवाखाना येत नाही, सोयाबीनचे वावर येते. ऐन काढणीत पाऊस कोसळला की बहात्तर तासांच्या आत नुकसान कळवावयाचे, मग पंचनाम्याची वाट पाहावयाची, आणि पुढे केव्हातरी बँकेत जाऊन ‘काही पडले का?’ म्हणून विचारावयाचे, हा विम्याचा अनुभव इथल्या घराघराला आहे. २०२३ च्या खरिपात सरकारने पीकविमा एका रुपयात दिला. मंडळींनी तो रुपया हसतहसत भरला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. तेव्हा आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, ‘‘रुपयातही तेच होतं, हजारातही तेच राहीन. विमा म्हंजे पावसासारखा. आला तं आला!’’

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दाच्या मुळाशी जाण्याची खोड मला आहे. विमा हा आपल्या घरचाच वाटणारा शब्द मूळचा फारसी. तिकडे ‘बीम’ म्हणजे भय. एकट्याला न पेलणारे भय शेकडो लोकांनी थोडेथोडे वाटून घ्यावे, ही त्यामागची कल्पना. आपण मराठीत ‘विमा उतरवतो’ असे म्हणतो. डोक्यावरचा भारा बांधावर उतरवून ठेवावा, तसा काहीसा भाव त्या क्रियापदात मला नेहमी जाणवतो. पण भारा उतरवायचा तर पलीकडे कोणीतरी हात देणारा असावा लागतो. आरोग्यविम्याविषयी आमच्या भागातले लोक काय बोलतात ते ऐकत असताना, सगळ्यांचा प्रश्न त्या हात देणाऱ्याविषयीच आहे असे मला दिसून आले.

विम्याच्या सुधारणेवर वर्तमानपत्रांतून लिहिले जाते ते बहुधा आकड्यांचे असते. दीड लाखांचे पाच लाख झाले, उपचारांची संख्या इतकी वाढली, कर माफ झाला. हे सारे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. पण ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांचे मत कोणी विचारावयास जात नाही. यंदा मी एक सोपी वाट धरली. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला : ‘आरोग्यविमा – हक्क की उपकार?’ घरी विचारून लिहा, पुस्तकातले लिहू नका, अशी ताकीद दिली. आमच्या वर्गात मुले मोताळ्याची, नांदुऱ्याची, संग्रामपूरकडची, घाटावरच्या चिखली-मेहकरचीही आहेत. कुणाचा बाप शेती करतो, कुणाचा एस. टी. त वाहक आहे, कुणाचे किराणा दुकान आहे. दहाबारा निबंधांत नेहमीप्रमाणे ‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ हे वाक्य पहिल्याच ओळीत आले. बाकीच्यांनी मात्र मला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवले.

एका मुलीने लिहिले होते की, आमच्या घरी आजारी कोणी पडायचे हे ठरलेले आहे. बाबांचा ताप हा ताप असतो. आईचा ताप हा थकवा असतो. आईच्या पोटात दोन वर्षे गाठ आहे. योजनेत ऑपरेशन फुकट होते हे तिला ठाऊक आहे, पण दिवाळीत कपाशीची वेचणी असते, त्यानंतर हरभरा, मग उन्हाळ्यात लग्ने. ‘‘आई म्हणते, विमा सरकारनं दिला, रजा कोन देईन?’’ निबंधाला गुण देताना माझा हात थोडा थांबला. एवढ्या एका वाक्यात तिने आमच्या सभा-संमेलनांतल्या पुष्कळ भाषणांचे काम केले होते.

हक्क की उपकार, या प्रश्नाची उत्तरे शिधापत्रिकेच्या रंगाप्रमाणे बदलतात, हेही त्या वह्यांतून ध्यानात आले. या रंगांचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. आपल्या राज्यात १९९७ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांपुरती ती होती. मग २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत बुलढाणा नव्हता. शेजारचा अमरावती होता. आम्हांला ती मिळाली नोव्हेंबर २०१३ मध्ये, जेव्हा ती राज्यभर लागू झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि सरकार विमा कंपनीला भरी ते कुटुंबामागे सुरुवातीला ३३३ रुपये. पुढे २०२० मध्ये हा हप्ता ७९७ रुपये झाला. लाभ पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेला. म्हणजे वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना. पांढरी शिधापत्रिका बाहेर.

पण इथे आमच्या जिल्ह्याच्या नशिबी एक विचित्र मान आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गाजलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही योजना देण्याचे ठरले, आणि त्या चौदांत बुलढाणा आहे. कागद म्हणून सातबारा दाखवावयाचा. परिणाम असा झाला की, दोन शेजारी, दोघांचीही पत्रिका पांढरी, दोघांची मिळकत सारखीच बेताची. एकाच्या नावावर वडिलोपार्जित दीड एकर, दुसरा खाजगी शाळेत शिक्षक. पहिल्याला विमा, दुसऱ्याला नाही. त्या काळात आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक विनोद चालत असे की, पदवीपेक्षा सातबारा मोठा. विनोद करणाऱ्यांच्या घरी दुखणी होती, म्हणून तो विनोद फार वेळ टिकत नसे.

मे २०२० मध्ये करोनाच्या धामधुमीत राज्याने ही दारे सर्वांसाठी उघडली, आणि २८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती कायमची उघडण्याचे ठरले. पत्रिका कोणत्याही रंगाची असो, कुटुंबामागे पाच लाख. त्याची अंमलबजावणी २०२४ च्या जुलैपासून झाली. मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्या माणसासाठी एक लाखाची तरतूद झाली. उपचारांची यादी १,३५६ ची झाली, आणि २०२५ मध्ये ती २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१८ मध्ये, दिल्लीची आयुष्मान भारत योजना आली होती. तिची नावे २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून घेतलेली. २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्व वृद्धांना, श्रीमंत-गरीब न पाहता, तिच्यात घेतले.

या सगळ्या नावांचा लोकांनी जो निकाल लावला आहे तो मोठा मजेचा आहे. राजीव गांधींचे नाव जाऊन २०१७ मध्ये महात्मा ज्योतिराव फुल्यांचे नाव आले. पण खामगावच्या बाजारात, मलकापूरच्या स्टेशनावर, कोठेही विचारा, लोक अजून तिला ‘जीवनदायी’च म्हणतात. सरकारे बदलतात, फलक बदलतात. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द ढळत नाही. अमेरिकेत २०१० साली आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. त्याला अध्यक्षांचे नाव चिकटले आणि त्या नावानेच पुष्कळांचे डोके फिरे. पण आधीपासून आजारी असलेल्या माणसाला विमा नाकारता येणार नाही, मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यात ठेवता येईल, ही त्यातली कलमे वेगळी काढून विचारली की तीच माणसे ‘हे चांगले आहे’ म्हणत. आमच्याकडचा शेतकरी त्या मानाने शहाणा म्हटला पाहिजे. कोणत्या पक्षाने आणली हे तो शेवटी विचारतो. आधी विचारतो, ‘‘कोन्या दवाखान्यात चालते?’’

आणि हा साधा प्रश्नच सगळ्यांत अवघड आहे. त्यासाठी आमच्या जिल्ह्याची ठेवण ठाऊक हवी. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद नि संग्रामपूर. रेल्वे घाटाखालून जाते. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. मोठे दुखणे आले की घाटावरची माणसे छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात, घाटाखालची अकोल्याची नाहीतर खानदेशातल्या जळगावची. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, तोवर आमच्या जिल्ह्यातला डॉक्टर होऊ इच्छिणारा मुलगा आणि ऑपरेशन करून घेऊ इच्छिणारा रुग्ण, दोघेही जिल्ह्याबाहेरच जात. महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीची मुले डॉक्टर होऊन बाहेर पडावयास अजून काही वर्षे आहेत.

योजनेत बसणाऱ्या दवाखान्यांना सरकारी भाषेत ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. शब्द सुंदर आहे. ज्याने आपल्याला अंगाशी धरले, असा त्याचा अर्थ. पण पेशंट दवाखान्याला अंगीकृत, आजार यादीला अंगीकृत, कागद संगणकाला अंगीकृत, एवढे सगळे जुळून यावे लागते. दवाखान्याच्या दाराशी ‘आरोग्यमित्र’ नावाचा एक तरुण बसलेला असतो. शिधापत्रिका, आधार, फोटो पाहून तो नाव चढवतो, वरून मंजुरी येते, मग उपचार. चांगला आरोग्यमित्र भेटला तर अशिक्षित म्हातारीचेही काम तासाभरात होते, हे मी पाहिले आहे. आणि तो जेवायला गेला असेल तर शिकलेला माणूसही बाकावर बसून राहतो, हेही पाहिले आहे. जास्तीचे पैसे मागितले तर तक्रार करावयास १५५३८८ हा फुकटचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो दवाखान्यातल्या फलकावर असतो. पण माणूस खाटेवर असताना त्याचे नातेवाईक डॉक्टरविरुद्ध फोन लावतील, अशी कल्पना ज्याने केली त्याने बहुधा आजारी माणसाजवळ रात्र काढलेली नसावी.

योजनेतले एक कलम मला फार आवडते. दवाखान्यातून सुटल्यावर रुग्णाला घरी जाण्यासाठी एस. टी. चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे दवाखान्याने द्यावयाचे असते. शिवाय राहण्याचे, शुश्रूषेचे, औषधांचे आणि रुग्णाच्या जेवणाचे पैसे नाहीत, आणि घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची देखभालही त्यातच. हे कलम ज्याने लिहिले त्याने खेड्यातली माणसे पाहिली असली पाहिजेत. मी ते आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी भांडे घासणे थांबवले नाही. म्हणाल्या, ‘‘सर, येतानीचं भाडं देते म्हनता. मंग जातानीचं कोन देईन? मानूस जाईन तवाच येईन ना!’’

मी गप्प बसलो. कारण सगळ्या वह्या वाचून माझ्या मनात जे अर्धवट तयार होत होते ते त्यांनी पुरते सांगून टाकले होते. आपल्या विम्याचे सारे बळ दवाखान्याच्या दारापासून आत आहे. दारापर्यंतची वाट ज्याची त्याने काढावयाची. रुग्णवाहिका १०८ वर बोलावता येते, आणि २०१४ पासून तिने या जिल्ह्यात कितीतरी जीव वाचवले. पण ती तातडीसाठी. ज्याला आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे दवाखान्यात जायचे आहे त्याच्यासाठी ती नाही.

आणि अशी माणसे आमच्याकडे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि आमच्या जिल्ह्याचा घाटाखालचा तुकडा मिळून जो पट्टा आहे त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. विहिरीचे, बोअरचे पाणी खारट. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराची घरे गावोगाव सापडतात. पाणी आणि आजार यांचा संबंध तिथले लोक सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट मानतात. डॉक्टर मंडळी इतर कारणेही सांगतात आणि सावधपणे बोलतात. त्या भागासाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणलेली आहे, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येते हा तिथला पहिला प्रश्न असतो. डायलिसिस आमच्या विमायोजनेत बसते. ही मोठी गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी शेत विकल्याशिवाय ते परवडत नसे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या काकांचे डायलिसिस चालते. त्याच्या निबंधात हिशेब होता, आणि हिशेबाइतका बोलका निबंध मी वाचलेला नाही. डायलिसिस : काही नाही. गावापासून फाट्यापर्यंत रिक्षा, फाट्यापासून एस. टी., काकांबरोबर एक माणूस, दोघांचा चहा-नाश्ता, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. आणि रक्त वाढण्याची इंजेक्शने कधी आत मिळाली, कधी बाहेरून आणली. खाली एक रेघ आणि बेरीज. त्याखाली लिहिले होते, ‘‘फुकट उपचारासाठी आम्ही एक गाय विकली.’’ रडगाणे नव्हते, रागही नव्हता. पुढच्याच परिच्छेदात त्याने लिहिले होते की, योजना नसती तर काका दोन वर्षांपूर्वीच गेले असते.

विम्यावरचे खरे जनमत ते हेच, असे मला वाटते. शहरात आपण समजतो की लोक एकतर योजनेचे गोडवे गातात किंवा तिला शिव्या देतात. आमच्याकडे एकच माणूस एका दमात दोन्ही करतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

त्याच घाटाखालच्या भागात, शेगाव तालुक्यात, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस एक अजब प्रकार घडला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस तीनचार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. देशभर बातमी झाली, दिल्लीहून शास्त्रज्ञांचे पथक आले, रक्ताचे आणि पाण्याचे नमुने गेले. त्या दिवसांत एका पालकाने मला विचारले की, पाच लाखांत हे बसते का? बसत नाही. विमा हा आजार झाल्यावर येणारा पाहुणा आहे. टाकीतले पाणी नि कोठारातले धान्य तपासणे हे त्याचे काम नव्हे, ते काम आरोग्य खात्याचे. पण सरकारचे लक्ष आणि पैसा एकदा विम्याकडे वळला की दुसरे काम मागे पडते की काय, ही शंका त्या पालकाच्या प्रश्नात होती, आणि ती मला रास्त वाटते.

आता आपल्यासारख्या पगारदार माणसांकडे येतो. कारण या अंकाचे बहुसंख्य वाचक तेच आहेत, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत गोंधळलेले जनमत त्यांचेच आहे. सरकारी योजना आता आपल्यालाही लागू आहे, हे कित्येकांना ठाऊकच नाही. ठाऊक आहे ते म्हणतात, ‘‘ती आपल्यासाठी नव्हे.’’ या ‘नव्हे’त थोडा संकोच आहे, थोडी प्रतिष्ठा आहे, आणि सामान्य वॉर्डातल्या खाटेची भीती आहे. म्हणून ते खाजगी कंपनीचा विमा काढतात. माझ्या एका सहकाऱ्याने सात वर्षे नेमाने हप्ता भरला. पहिल्या वर्षीच्या हप्त्यापेक्षा सातव्या वर्षीचा दुपटीहून अधिक. मग वडिलांना दवाखान्यात ठेवण्याची पाळी आली. कंपनीने पत्र पाठवले की, हा आजार विमा घेण्यापूर्वीचा आहे. वडिलांना मधुमेह होता हे त्याने अर्जात लिहिले होते. तरी चार महिने पत्रव्यवहार चालला, तेव्हा कुठे पैसे आले, तेही कापून. ‘‘सात वर्षं मी एकदाही हप्ता चुकवला नाही,’’ एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

अशा तक्रारी साऱ्या देशातून झाल्या म्हणूनच नियम बदलले. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला, तेव्हापासून ‘आधीचा आजार’ ही या धंद्यातली ठरलेली पळवाट आहे. एप्रिल २०२४ पासून त्यासाठी थांबावयाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे केली. पूर्वी ती चार होती. पाच वर्षे सलग हप्ता भरला तर, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. पूर्वी त्यासाठी आठ वर्षे लागत. पासष्टीनंतर नवा विमा मिळत नसे, ती वयाची अटही गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के कर शून्य झाला. घरातल्या कर्त्या माणसाने एखाद्या रविवारी विम्याचे जुने कागद काढून या बदलांशी ताडून पाहावेत. एजंटाला फोन करण्यापूर्वी आपण स्वतः वाचावे, हे बरे. आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील घरात असतील तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढून ठेवण्यात कमीपणा कसला?

वयाची अट गेली, पण वयाचा हप्ता गेला नाही. पासष्टीच्या माणसाला कंपनी विमा देईल. तो ज्या किमतीला देईल ती ऐकून तो माणूस आपण होऊन उठून जाईल. निवृत्त शिक्षकांच्या सकाळच्या फिरण्यात हल्ली यावरच बोलणे चालते. एक गृहस्थ म्हणाले की, पेन्शनीतून हप्ता भरावा की औषधे घ्यावीत, एवढाच प्रश्न उरला आहे.

डॉक्टरांचे मतही ऐकले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून अंगीकार करणार कोण? खामगावातले एक शस्त्रवैद्य माझ्या परिचयाचे. ते योजनेत नाहीत. म्हणाले, दर परवडत नाहीत, बिले उशिरा मिळतात, आणि एका कागदासाठी फाईल परत येते. ‘‘मी गरिबाचं ऑपरेशन कमी पैशात करीन, पण संगणकाची मनधरणी करायला मला वेळ नाही.’’ त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण अशा दहा डॉक्टरांनी पाठ फिरवली म्हणजे पाच लाखांचे कार्ड घेतलेल्या माणसाला पन्नास किलोमीटर दूर जावे लागते, हेही तितकेच खरे.

या प्रश्नाला विदर्भाने पूर्वी एक निराळे उत्तर दिले होते. आमच्या मुलांना ते ठाऊक नाही याचे वाईट वाटते. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांसाठी विमा सुरू केला, त्याचा हप्ता ज्वारीत असे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी तो उभा केला. सुगीच्या दिवसांत, कणगी भरलेली असताना, ज्वारी गोळा करायची. ज्याचे शेत मोठे त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. पण देणार सगळे. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे, चार शहाण्यांचा विमा नाही. अचानक आलेल्या मोठ्या दुखण्याला दवाखाना फुकट; बाळंतपणासारख्या आधी ठाऊक असलेल्या गोष्टीला खर्चाचा काही भाग घरच्याने द्यायचा. आणि गावातच एक आरोग्यसेवक, ज्याला ताप नि जुलाब कळतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली पुष्कळशी तत्त्वे त्या ज्वारीच्या ढिगात होती. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते : ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो दवाखान्यात याचक म्हणून जात नसे. ‘‘आमच्या गावानं ज्वारी टाकली हाय,’’ असे म्हणून तो आत जाऊ शके.

जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कने कामगारांचा आजारविमा केला, त्यात दोन हिस्से कामगाराचे आणि एक मालकाचा होता. तिथल्या कामगाराला तो आपला वाटला याचे कारण तेच असावे. इंग्लंडने ५ जुलै १९४८ पासून हप्त्यांच्या हिशेबाची भानगडच दूर सारून सर्वांसाठी सरकारी दवाखाने उघडले. आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्ये जवळजवळ तेच सुचवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार अडू नये. १९४८ च्या कायद्याने कामगारांचा राज्य विमा आला, १९५४ मध्ये तो नागपूर आणि मुंबईच्या गिरणीकामगारांपर्यंत पोचला. शेतकरी, शेतमजूर आणि फेरीवाला यांची पाळी यायला पुढची चार-पाच दशके लागली.

म्हणून कोणी मला विचारले की, आमच्या जिल्ह्याला आणखी किती लाखांचा विमा हवा, तर मी म्हणेन की लाख आहेत तेवढे पुरेत. त्यापेक्षा दर तालुक्याला निदान एक दवाखाना असा असावा की जिथे योजना खरोखर चालते. नाही म्हणायचे असेल तर ते कागदावर, कारणासह आणि सहीनिशी म्हणावे. तोंडी ‘बसत नाही’ म्हणून माणसाला परत पाठवू नये. डायलिसिसला जाणाऱ्याचे जातानाचेही भाडे द्यावे. आणि रोजच्या गोळ्या विम्यात घ्याव्यात. हे शेवटचे मला सगळ्यांत निकडीचे वाटते, कारण ज्या गोळीवाचून माणूस पुढे खाटेला खिळतो ती गोळी यादीत नाही, खाटेला खिळल्यावरचा खर्च मात्र यादीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात हे खरे. पण त्या संपलेल्या नसाव्यात, आणि आपण मजुरी बुडवून तिथे पोचलेलो असावे.

आमच्या रस्त्यावर एक मेडिकलचे दुकान आहे. मालक सज्जन आहेत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांच्या गोळ्या नेणाऱ्यांची उधारी ते लांब लाल वहीत लिहितात. परवा सहज त्यांनी ती वही मला दाखवली. नावांत शेतमजूर होते, हमाल होते, आणि माझ्या ओळखीचे दोन निवृत्त मुख्याध्यापकही होते. ‘‘पाच लाखांचं कार्ड दाखवतात सर, आणि तीनशे रुपये लिहून ठेवा म्हणतात,’’ ते म्हणाले. लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडे नव्या वहीची पूजा असते. पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढतात, आणि दुसऱ्या पानापासून मागच्या वर्षीची बाकी उतरवून घेतात.